आधी तुझा अंगठा

१२ एप्रिल, शुक्रवार, उदगीर

आले बाई एकदाची! शिवकन्या, जिंकलीस! मुदखेडहून निघताना आईनं दहा वेळा डोळे पुसले आणि मी उलट तिच्यावरच खेकसले, लातूर जिल्हा काय लंकेत आहे का म्हणून. आता वाईट वाटून राहिलंय. पण नोकरी झकास आहे. उदगीर जिल्हा होणार, होणार म्हणतात. तो व्हायच्या आधीच इथल्या गुरुलिंगअप्पांनी त्याचं संग्रहालय काढून ठेवलंय! बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडलेल्या बायांच्या आठवणी त्यांच्याच आवाजात साठवायच्या. एक यंत्र त्या ऐकून शिकणार आणि पुढं पाहुण्यांशी त्याच आवाजात बोलणार. माझं काम सोपं. कृत्रिम बुद्धिमत्तेचे अवघड शब्द बायांना कळतील असे लिहायचे, म्हणजे आपण कशावर अंगठा देतोय ते त्यांना समजेल. आधी सिंधु नावाची मुलगी हे करायची. ती सोडून गेली, पण दारातल्या यंत्रात अजून तिचाच आवाज आहे. या ताई, बसा, पाणी घ्या, म्हणते. माठ मात्र कोरडा. टँकर आठ दिवसांनी येतो.

१६ एप्रिल

पुस्तिका छान जमून राहिली. यंत्राला ‘मतिभ्रम’ होतो म्हणजे काय? मी लिहिलं, माहीत नसलं की ते बिनदिक्कत थापा मारतं. ‘प्रशिक्षण’ला लिहिलं, तुमचा आवाज यंत्र एकदा शिकलं की परत काढता येत नाही, मळलेल्या कणकेतून पाणी कोण काढणार? हे वाक्य मी सगळ्यांना वाचून दाखवलं. अप्पा खूश. त्यांनी मला ध्वनिमुद्रणाची खोली दाखवली. भिंतींना गाद्या, आतला आवाज बाहेर जात नाही. दाराला कडी नाही, इथल्या माणसाचा आवाज ओळखून उघडतं. मी नाव सांगितलं की लगेच उघडलं. लई मजा वाटली.

२० एप्रिल

आज सरजाबाई पाच-सहा जणींना घेऊन आल्या. सत्तरी पार, पण जीभ अशी तिखट की विचारू नका! परक्या ठिकाणी चहासुद्धा त्या घरच्या माणसानं घोट घेतल्याशिवाय तोंडाला लावत नाहीत. मी प्याले तेव्हा प्याल्या. अंगठ्याचंही तेच. सगळं समजावलं तरी, आदी तू दे बाई, मंग आमी, म्हणे. मग काय, दिला अंगठा आणि यंत्रापुढं अर्धा तास बडबडले. शाळा, मुदखेडचं रेल्वे फाटक, आई मला लाडानं चिमे म्हणते तेसुद्धा. बाया पोट धरून हसल्या आणि एकेकीनं अंगठे दिले. माझा कागद नमुना म्हणून ध्वनिमुद्रणाच्या खोलीत गठ्ठ्यावर ठेवला.

२५ एप्रिल

आईला फोन केला. ती म्हणे, सकाळीच तर बोललीस की चिमे, किती गोड बोललीस, एकदाबी खेकसली न्हाईस. मी सकाळी फोन केलाच नव्हता! अप्पांवर कडाडले. ते शांतपणे म्हणाले, यंत्र सराव करून राहिलंय. माझा आवाज आत्ताच्या आत्ता काढा म्हटलं, तर त्यांनी माझीच पुस्तिका उघडली आणि ते कणकेचं वाक्य मला वाचून दाखवलं. किती मिरवलं होतं मी ते! कुठून अवदसा आठवली.

२९ एप्रिल

सरजाबाई रस्त्यात भेटल्या. मागल्या साली त्यांची जाऊ आठवणी सांगायला आली तेव्हा सिंधुनंही असाच आधी अंगठा दिला होता म्हणे. पुढं तिला गाव सोडताना कुणी पाहिलं नाही. तिच्या आईला मात्र रोज फोन येतो, लई गोड बोलते.

राजीनामा लिहिलाय. संध्याकाळी अप्पांकडं द्यायला गेले तर दारातलं यंत्र म्हणालं, या ताई, बसा. सिंधुचा आवाज नव्हता तो. माझा होता.

१ मे, दुपार

आज सुट्टी. कुणी नाही. माझा कागद फाडायचा आणि दोनच्या गाडीनं घर गाठायचं, एवढंच. ध्वनिमुद्रणाच्या खोलीचं दार उघडंच होतं. आत शिरले — दार लागलं.

नाव सांगितलं. उघडेना. पुन्हा सांगितलं. ओरडले. यंत्र माझ्याच आवाजात म्हणालं, हा आवाज शिवकन्याचा नाही.

१ मे, नंतर

गठ्ठ्यावर माझा कागद नाही. फोनला रेंज नाही. घसा कोरडा पडलाय. एक गादी उसवली. मागं भिंतीवर नखानं खरवडलंय — सिंधु — सिंधु — सिंधु —

२ मे?

इथल्या हेडफोनमधून दारातलं बोलणं ऐकू येतं. अप्पा आलेत. आणि — आई! आई आलीय! यंत्रातल्या तिनं बोलावून घेतलंय. माझ्या आवाजानं —

आई विचारून राहिली, चिमे, दिसत कामून न्हाईस. आत कामात आहे, म्हणते ती. तुझ्याबी आठवणी दे आई, अंगठा दे, मग भेटू.

मी दारावर डोकं आपटतेय. गादी. आवाजच होत नाही.

आई म्हणाली — आदी तू दे, मंग मी. शाब्बास, आई. देऊ नकोस. देऊ —

मी तर कधीच दिलाय, म्हणाली यंत्रातली ती. हा बघा तिचा कागद, म्हणाले अप्पा. माझाच —

शाईच्या डबीचं झाकण वाजलं. आई, ती किती गोड बोलतेय, ऐक ना, मी अशी बोलते का कधी — मी खेकसते, आई, मी तुझ्यावर खेकसते — नको गं, अंग