उमरग्याला लिहिलेला मळा

४ एप्रिल १९४९
सकाळी ओढ्याकाठची फेरी. इंग्रजीच्या पुस्तकातला तो धडा, उन्हाळ्यातलं विलायतेतलं खेडं, अठ्ठावीस वर्षं शिकवला. कुंपणाकुंपणाला गुलाब, गवती छपरं, पाण्यात बदकं. विलायत काही पाहिली नाही. वर्गात सांगायचो, आपले मळे बघा, तेच ते. तेव्हा ते खोटं नव्हतं. शेराच्या कुंपणाआड मोगरा, पलीकडं कासमभाई तांबोळ्यांचा पानमळा. भर वैशाखात आत पाऊल टाकलं की अंग निवायचं.
आज कुंपणाला भगदाडं. पुढं गेलो नाही.

९ एप्रिल
उमरग्याहून पत्र. कासमभाईंच्या घरच्या, जैनबभाभी, गेल्या भाद्रपदापासून तिथं भावाकडं आहेत. त्या सांगतात, भाऊ लिहितो. तोच प्रश्न, मळा कसा आहे?
पोलीस ॲक्शनच्या त्या आठवड्यात कासमभाई तेरखेड्याला म्हणून निघाले. पोचले नाहीत. गावात कुणी विचारत नाही. मीही...
भाभींना वाटतं, वेली जगल्या तर तेही परततील.
उत्तर धाडलं. हिरवा आहे.

११ एप्रिल
इथं तरी खरं लिहावं. मळा पौषातच गेला. बैल कुणी नेले ठाऊक नाही, मोटेचं कातडं फाटलेलं. दोन महिने घागरीनं पाणी घातलं. दोन वाफे ओले होईतो माझा दम जायचा. पहिलं पत्र खरं होतं. दुसऱ्यापासून हात धड्यातलंच लिहीत सुटला. लिहिताना इतकं बरं वाटतं की लाज वाटायला दुसरा दिवस उजाडतो.

२ मे
पुन्हा पत्र. भाऊ मळा विकून टाकू म्हणत होता, भाभींनी अडवलं. मास्तर हिरवा लिहितात, मग विकायचा कशाला? येत्या सोमवारी येताहेत. राहायला.

३ मे
'येऊ नका' असं लिहायला बसलो. खरं चार ओळींत मावत होतं. तीनदा फाडलं. 

५ मे
हिला सांगितलं. भाकरी थापता थापता म्हणाली, "न्या की तुमच्या इंग्रजी खेड्यात. बदकं दाखवा त्यांना." आता पत्र टाकलं तरी वेळेवर पोचायचं नाही. हे कळल्यावर हायसं वाटलं, तेही लिहून ठेवतो.

९ मे
भाभी आल्या. एक ट्रंक, एक बोचकं. पाणीसुद्धा न घेता मळ्याकडं निघाल्या. वाटेत सांगायचं ठरवलं होतं. वाटभर उन्हाविषयी बोललो.
शेवग्याची वाळकी खोडं, त्यांना चिकटलेल्या वेलींच्या काळ्या दोऱ्या.
भाभी बांधावर थांबल्या, चपला काढल्या. पानमळ्यात पायताण घालून कुणी जात नाही. मी जोड्यांसकट चार पावलं आत होतो. माघारी येऊन काढले. ढेकळं तापलेली.
त्या वाफ्यावाफ्यानं फिरल्या. मग माझ्याकडं न बघता, "मास्तर, आमच्या कुंपणाला गुलाब कवा व्हता?"
मी एक ढेकूळ उचलून हातात फोडलं.
"दुसऱ्या पत्रालाच कळलं मला. भावाला म्हनलं, वाच, थांबू नगं."
मग आलात कशाला, असं विचारवलं नाही.

१० मे
सकाळी भाभींनी हिच्याबरोबर ज्वारी पाखडली. कासमभाईंचं नाव कुणी काढलं नाही. मग माझ्यासमोर येऊन बसल्या. म्हणाल्या, भावाला पत्र लिवा, मळा कसा हाय ते. तो वाट बघतोय.
खरं लिहिलं तर तो मळा विकणार. आणि हिरवा लिहिला तर... तर काय? एक दिवस तोही येऊन बघेल.
विचारलं, काय लिहू?
"तुमाला येतंय तसं."
तारीख घातली. भाभी अजून समोर बसल्यात. शाई टाकावर वाळली, पुन्हा बुडवला.