हौदाचं गणित

बाबा,

गेल्या आठवड्यात तुमच्या शाळेतून दोन शिक्षिका घरी आल्या होत्या. तुमच्या जन्मशताब्दीची स्मरणिका निघते आहे, आणि मुलगी म्हणून मी लेख लिहायचा आहे. ‘कुटुंबवत्सल मुख्याध्यापक’ हे लेखाचं नावही त्यांनीच ठरवून आणलं होतं, मी फक्त खाली मजकूर भरायचा. मला हसू आलं. तुमच्या हयातीत असंच चालायचं. तुम्ही कसे आहात ते लोकांचं आधीच ठरलेलं असायचं आणि तुम्ही खाली मजकूर भरत राहायचात.

कुटुंबवत्सल तर तुम्ही होतातच. दर रविवारी सकाळी व्हरांड्यात पोतं अंथरून घरातल्या पाचही जणांच्या बूट-चपला उंचीप्रमाणे मांडायच्या आणि स्वतःच्या हातांनी पॉलिश करायच्या. फाटक मात्र सताड उघडं. मागच्या अंगणात कडुनिंबाची गार सावली होती, पण तिथून रस्ता दिसत नव्हता, म्हणजे रस्त्यालाही तुम्ही दिसला नसतात. आई कधी वैतागून विचारायची, “अहो, मागं सावलीत काहून नाही बसत तुम्ही?” तुम्ही म्हणायचात, इथे उजेड चांगला आहे. आई टायफॉईडने पडली तेव्हा तुम्ही तीन आठवडे स्वयंपाक केलात, हे खरं. आणि सोमवारी प्रार्थनेनंतर ते सगळ्या शाळेला सांगितलंत, हेही खरं. मी चौथ्या रांगेत मान खाली घालून उभी होते. माझ्या बुटांना चकाकी होती.

मी नववीत असतानाचा एप्रिल आठवतो. वार्षिक परीक्षेचा गणिताचा पेपर तुम्ही काढायचात, आणि शाळेत कुणाच्या नजरेस पडू नये म्हणून त्याचं स्टेन्सिल घरी बसून करायचात. लोखंडी टोकाच्या लेखणीने मेणकागदावर अक्षरं कोरत बसायचात, आणि तेवढा वेळ आम्हाला त्या खोलीत यायला बंदी असायची. कारकुनावर तुमचा विश्वास नव्हता, शिपायावर नव्हता, सहकाऱ्यांवर तर नव्हताच. घरच्यांवर होता. एका दुपारी कुणीतरी भेटायला आलं म्हणून तुम्ही उठून बाहेर गेलात. मी आत गेले, तो कागद खिडकीशी धरला, आणि उजेडात सगळी अक्षरं लख्ख दिसली. शेवटचं गणित हौदाचं होतं, आठ गुणांचं. एक नळ बारा तासांत हौद भरतो, दुसरा पंधरा तासांत, तर दोन्ही मिळून किती तासांत? मी ते न्हाणीघरात बसून सोडवलं आणि पाठ केलं. सहा तास चाळीस मिनिटं.

परीक्षेच्या दिवशी मी तो प्रश्न वाचलाच नाही. कशाला वाचायचा? खाली मान घालून पाठ केलेलं उत्तर भराभरा लिहून काढलं आणि पेपर देऊन मोकळी झाले. उत्तर नीट पूर्ण तासांत येत नाही हे नंतर तुमच्या लक्षात आलं होतं, आणि शाळेत स्टेन्सिलवरून प्रती काढण्याआधी तुम्ही बाराचे दहा केले होते, हे मला कुठून ठाऊक असणार? छापील पेपरात दहा होते. अख्ख्या नववीत बारा तासांचा नळ माझ्या एकटीच्या उत्तरपत्रिकेत होता.

त्याच पेपरला माझ्या शेजारच्या बाकावरची मुलगी पकडली गेली. ती भिवापूरकडची, इथे मामाकडे राहून शिकायची. कंपासपेटीत समलंब चौकोनाचं सूत्र लिहिलेली एक चिठ्ठी सापडली. घडीसुद्धा उलगडलेली नव्हती. तुम्ही स्वतः वर्गात आलात, तिला उभं केलंत, आणि तिचं नाव शाळेतून कमी करत असल्याचं तिथेच जाहीर केलंत. ती रडली नाही. तिने दौत बंद करून पिशवीत ठेवली, हे मला नीट दिसतंय.

मग तो रविवार. तुम्ही बूट बाजूला ठेवून पेपर तपासायला घेतले आहेत. मला हाक मारता. मी येऊन उभी राहते. माझी उत्तरपत्रिका समोर आहे आणि तुमचं बोट बाराच्या आकड्यावर. तुम्ही माझ्याकडे बघता, मी बोटाकडे. सातशे पोरांना चळाचळा कापायला लावणाऱ्या माणसाला घरातल्या एका पोरीला “हे कुठून आणलंस?” एवढं विचारण्याचा धीर झाला नाही. तुम्ही पेनाचं टोपण लावलंत आणि म्हणालात, “जा, आईला चहा टाकायला सांग.”

चहा व्हायच्या आत पकडलेल्या त्या मुलीचे वडील फाटकात उभे. धोतर, टोपी, हातात लाल मिरच्यांची थैली. मी त्यांना पाणी नेऊन दिलं. ते खुर्चीवर बसले नाहीत. “सर, एक बार माफ करून द्या पोरीले,” ते म्हणाले. “आमच्या घरात नववीपर्यंत कोणीच गेलं नाही.” माझी उत्तरपत्रिका तुमच्या मांडीखाली होती, बाबा. आणि तुम्ही त्यांना सांगितलंत, “नियम म्हणजे नियम. माझी स्वतःची मुलगी असती तरी मी हेच केलं असतं.” मी पेला घेऊन तिथेच उभी होते. तुमचा आवाजही हलला नाही. त्या क्षणी तुम्ही माझ्या मनातून उतरलात, ते आजतागायत.

ते गेल्यावर थैली पायरीवर राहिल्याचं दिसलं. परत देऊन ये, म्हणालात. मी धावत कोपऱ्यावर त्यांना गाठलं. त्यांनी थैली घेतली आणि विचारलं, “तू तिच्याच वर्गातली ना वं? तिनं तो कागद उघडून पायला का?” मी म्हणाले, “मला माहीत नाही, काका.” ते बरं म्हणाले आणि उन्हात चालू लागले.

निकालात त्या गणिताला तुम्ही मला शून्य दिलंत. रीतीचे गुण इतरांना मिळाले, मला तेही नाहीत. त्या आठ गुणांनी मी पहिलीची दुसरी झाले. शाळाभर वाहवा झाली. हेडक्लार्क सगळ्यांना सांगत सुटले, “सरांनी आपल्या पोरीलेही सोडलं नाही.” तुम्ही ती वाहवा मान किंचित लववून स्वीकारलीत. शेजारच्या बाकावर दुसरी मुलगी आली. जिचं नाव कमी केलं, तिचं पुढच्या उन्हाळ्यात लग्न झाल्याचं कानावर आलं. लोक तुम्हाला निष्ठुर पण न्यायी म्हणायचे. तुम्ही यांतलं काहीच नव्हतात. तुम्ही फक्त कुटुंबवत्सल होतात, आणि त्या शब्दाची मला तेव्हापासून शिसारी आहे.

लेख मी लिहून दिला. काल त्या दोघी घ्यायला आल्या होत्या. त्यातल्या तरुण शिक्षिकेने उभ्याउभ्याच वाचला आणि तिचे डोळे भरून आले. वडिलांनी पोटच्या मुलीचे आठ गुण कापले आणि तिला दुसरी आणली, तो प्रसंग मी त्यात अगदी रंगवून घातला आहे. खूप छान झालाय, ती म्हणाली. मी त्यांना चहा दिला.

हे पत्र कपाटात राहील. भिवापूरच्या त्या मुलीचं नाव मला आडनावासकट आठवतं. ते मी इथेही लिहिलेलं नाही.