देवीसाठी सोडलेला गहू

दर्पण कॉलनी, ग्वाल्हेर
१८ नोव्हेंबर २०२५

चि. समरजीत यास,

ताईचा आशीर्वाद. तिकडे लडाखला बर्फ सुरू झालं असेल. लोकरीचे मोजे पार्सलने पाठवलेत, ते पेटीत जपून न ठेवता घाल. इकडे सगळं ठीक, असं लिहायला पेन उचललं आणि तिथेच अडलं. ठीक नाही. मी फार घाबरले आहे. रविवारी तुझा फोन लागला तेव्हा थंडीच्या गप्पा मारल्या, कारण खरं सांगायला तोंड उघडेना.

रुचिकाला परत त्रास सुरू झाला. पोट फुगतं, दिवसातून पाच-सहा वेळा जावं लागतं, आणि अकरा वर्षांच्या पोरीला नऊच्या मापाचा फ्रॉक सैल होतो. डॉक्टर अभिराम म्हणाले, आता भूल देऊन दुर्बिणीने तपासायला हवं. येत्या सोमवारची तारीखही दिली आणि बाप म्हणून तुझी संमती मागितली. पोरीची आई, नीलम, भूल दिल्यावर उठली नाही, त्याला तीनच वर्षं झाली. माझ्या मुलीला कोणी भूल देणार नाही, असं तू तेव्हाच सांगितलं होतंस. म्हणून तर आपण त्या नव्या चाचणीला हो म्हटलं.

त्या दिवसाचं तुला नीट सांगितलंच नाही. मोठ्या गोळीएवढी कॅप्सूल, तिला बारीक दोरा. जागेपणीच पाण्याबरोबर गिळायची. ती आतड्यात उतरून आतली चित्रं काढते, मग दोऱ्याने वर ओढून घेतात. तपासायला आतड्याचा तुकडा काढायला नको, भूल नको. ही पद्धत दुर्बिणीइतकी खात्रीची आहे का, हेच ते लोक चाळीस मुलांवर पडताळून बघतायत. रुचिकाला दोनदा उमासे आले. तिसऱ्यांदा तिने डोळे मिटून गिळली आणि माझा हात असा दाबला की बांगडी वाढली. सहा तारखेला अहवाल आला. आतडी निरोगी, गहू न सोसण्याचा तो आजार नाही.

मी त्याच दिवशी पुरणपोळी केली, देवीला नैवेद्य दाखवला. रुचिकाने दोन खाल्ल्या. दुसऱ्या दिवसापासून पोर आजारी.

आता पुढचं लिहिते ते शेवटपर्यंत वाच, मध्येच फाडू नकोस.

चाचणीपर्यंत मुलीला रोज दोन पोळ्या द्या, असं डॉक्टरांनी मला बजावलं होतं. गहू पोटात जात असला तरच आतड्यावर खूण दिसते, हेही समजावलं होतं. पण त्याआधी, नागपंचमीला, मी तिच्यासाठी देवीपुढे गहू सोडला होता. आपल्याकडे घरात आजारपण आलं की थोरली बाई एखादं अन्न सोडते. तुझ्या टायफॉइडला आईने भात सोडला होता, आठवत असेल. रुचिका शेजारीच बसली होती. मीपण सोडते म्हणाली, आणि मी तिच्याही हातून पाणी सोडवलं. मग तीन महिने ज्वारी-बाजरी. दिवाळीत पोरीने शंकरपाळ्याला हात लावला नाही. आणि समर, ती सुधारली रे. गाल भरले. मला वाटलं, देवी पावली. देवीला दिलेला शब्द मोडायचा आणि जे बाधतं अशी शंका तेच ताटात वाढायचं, हे मला जमेना. चाचणीच्या दिवशी विचारलं, रोज पोळी खाते ना? मी हो म्हटलं. रुचिकाने माझ्याकडे पाहिलं.

म्हणजे तो अहवाल माझ्या खोटेपणाचा होता. पुरणपोळीनंतर चौथ्या दिवशीच माझ्या डोक्यात उजेड पडला. गुपचूप परत भाकरी सुरू केली आणि आठ दिवस तोंड मिटून बसले. डॉक्टरांची भीती होतीच. खरी भीती तुझी होती. तू तिला घेऊन जाशील आणि या घरात मी एकटी उरेन, ही.

आज सकाळी जाऊन सांगितलं. डॉक्टर ओरडले असते तर बरं झालं असतं. हळूच म्हणाले, "आत्याबाई, आठ दिवस मी या मुलीच्या पोटात कॅन्सर शोधतोय."

सोमवारची भूल रद्द केली. आता सहा आठवडे रोज दोन पोळ्या, मग पुन्हा ती कॅप्सूल. पोट दुखलं तरी सोडायचं नाही, फारच झालं तर लगेच घेऊन यायचं. एवढं करून उत्तर मिळेलच का, विचारलं. तेच तर आम्हीही शोधतोय, म्हणाले.

दुपारी मी पोळी वाढली. रुचिकाने तुकडा मोडला आणि म्हणाली, "आत्या, तू उधर देख ना. मी खाते. रो मत." मी नजर हलवली नाही. तिने दोन्ही संपवल्या. आता ती पोटाशी पाय घेऊन पडली आहे आणि मी तिच्या उशाशी बसून हे लिहिते आहे.

तुला रागवायचं तेवढं रागाव. रजा मिळाली की तिला ने, मी अडवणार नाही. पण हे सहा आठवडे तिला माझ्याकडे राहू दे. तिला दुखवायचंच आहे, तर ते काम दुसऱ्या कोणाच्या हाती देऊ नकोस.

तुझ्या उत्तराची वाट पाहायलाही भिणारी,
तुझी ताई,
शरयू