सुप्यात चालू, श्रीगोंद्यात बंद

सुपा, मंगळवार

आदरणीय कमरुद्दीन मामू,

अस्सलामु अलैकुम. गुडघा कसा आहे? मामींच्या तेलानं उतार पडला, की तुम्ही अजून सायकलच दामटताय? इकडे सगळे खुशाल (अम्मीला मी वाळलेली दिसते, पण ते दरसालचंच).

चाळीस वर्षं नेवाशात टपाल वाटताना तुम्ही एक पत्ता, एक घर हेच पाहिलंत, तेव्हा माझं काम ऐकून चिडू नका. आमची इंटरनेटची कंपनी छोटी. वेबसाइटचं नाव दिलं की तिचा नंबर शोधून देणारी दोन मशिनं आमच्याकडे आहेत, एक सुप्यात, एक श्रीगोंद्यात, आणि दोघांचा पत्ता मी मुद्दाम एकच ठेवलाय. याला एनीकास्ट म्हणतात. दोन्ही मशिनं 'हा पत्ता माझ्याकडे' अशी दवंडी पिटतात. ज्याला ज्याची वाट जवळची, त्याचा प्रश्न तिकडे जातो. एक मशिन बंद पडलं की त्याची दवंडी थांबते आणि लोक आपोआप दुसऱ्याकडे वळतात. (साहेबांना हे सांगताना मी टाळीसाठी थांबले होते.)

गेल्या गुरुवारी श्रीगोंद्याच्या मशिनवरचा नंबर शोधणारा प्रोग्राम मेला, दवंडी मात्र चालूच राहिली. म्हणजे तिकडचे सगळे प्रश्न तिथेच जायचे आणि बुडायचे. अकरा वाजता लंकाबाईंचा फोन आला. त्यांचं श्रीगोंद्यात ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. मी सुप्यात बसून तपासलं. मला सुप्याचंच मशिन उत्तर देणार! म्हटलं, "चालू आहे की."

"तुमच्याकडं चालू आसंल बाई, माझ्याकडं बंद हाय. आमच्या जयाचा नर्सिंगचा फारम पाचला बंद व्हतोय. पोरीचं वर्स जाईल!"

मी त्यांना वायर काढून परत लावायला सांगितलं. चार वेळा. चौथ्यांदा जरा आवाज चढवूनच.

तीन वाजता परत लंकाबाईंचा फोन आला, पण नुसतं जयाचं रडणं ऐकू येत होतं. लंकाबाईंचं 'माझ्याकडं बंद हाय' आठवलं आणि तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला, की मी तपासतेय तो पत्ता त्यांचाच, मशिन मात्र त्यांचं नाही. श्रीगोंद्याची दवंडी इथूनच बंद केली. मिनिटाभरात तिकडचे प्रश्न सुप्याला येऊ लागले. चार चाळीसला फॉर्म गेला.

मामू, मी खोटं बोलले नव्हते. माझ्या जागेवरून ते खरंच होतं, आणि तेच मनाला लागून राहिलंय. आता प्रोग्राम मेला की दवंडीही थांबेल अशी तजवीज केलीय. शिवाय तक्रार आली की आधी तक्रार करणाऱ्याच्या गावातून तपासते.

तुमची भाची,
मेहविश

ता.क. लंकाबाईंचं माहेर नेवाशाचं. तुम्हाला त्या मानतात म्हणे. रविवारी माझ्याबरोबर माफी मागायला याल का? मी एकदा जाऊन आले, त्यांनी दार उघडलं नाही.

आणखी ता.क. दार मी वाजवलंच नव्हतं. कोपऱ्यावर चहा पिऊन परत आले.