बिनठिपक्याचा राजा

तेन्दो, ११ जून

प्रिय कोहेई,

ताईचे आशीर्वाद. आशीर्वाद देण्याइतकी मी तुझ्याहून मोठी आहे, आणि या पत्रात माझ्या मोठेपणाची तेवढीच एक गोष्ट सापडेल.

इकडे चेरीची तोडणी सुरू झाली. कुसाकारीकाकांनी नेहमीप्रमाणे पेटी पाठवली आणि नेहमीप्रमाणे खालच्या थरातल्या निम्म्या चेरी फुटक्या निघाल्या. शोगी मंडळाचं अध्यक्षपद सुटलं, पण त्यांचा हात काही सैल होत नाही.

परवा बाबांना जाऊन एकोणपन्नासावा दिवस झाला. भिक्षू वेळेवर आले, त्यांचं बोलणं लांबलं आणि आत्या बसल्या जागी झोपली. तू आला नाहीस, म्हणून तुझा सामना आहे असं मी सगळ्यांना सांगितलं. तो खरंच होता का, हे मी पेपरात बघितलं नाही.

दुकान चालू आहे. शोगीच्या मोहऱ्यांवरची अक्षरं कोरण्याचं काम माझंच होतं, आता त्यांत लाख भरायचंही माझ्याकडे आलं. त्या लाखेने मनगटावर पुरळ उठलाय. बाबांना पन्नास वर्षांत कधी उठला नाही आणि मला पन्नास दिवसांत उठला. त्यांच्या हातची रेघ मला जमत नाही. गिऱ्हाईक बोलत नाही, पण मोहरा उजेडात धरून दोनदा बघतं.

हे सगळं फोनवरही सांगता आलं असतं. ज्यासाठी लिहायला बसले ते वेगळंच आहे, आणि तीन दिवस मी चेरीच्याच गोष्टी लिहून कागद फाडते आहे.

दहनगृहात आपण खालच्या खोलीत चहा घेऊन थांबलो होतो, तेव्हा तू मला एकच गोष्ट विचारलीस. ‘बाबा त्या दिवसाबद्दल कधी काही बोलले का?’ मी ‘नाही’ म्हटलं. तू मान हलवलीस आणि सहाच्या गाडीने निघून गेलास.

कोहेई, मी खोटं बोलले.

तो दिवस तुला माझ्याइतकाच आठवत असणार. तू चौथ्या पायरीवर पोचलास, व्यावसायिक झालास, म्हणून मंडळाने सभागृहात सत्कार ठेवला होता. तोक्योहून दोन मोठे खेळाडू आले होते. सत्कारानंतर बाप-लेकाचा एक डाव, ही कुसाकारीकाकांची हौस. बाबा बरोबर खालच्या जागेवर बसले, तुला वरची जागा दिली. रात्रभर त्यांनी तेच घोकलं होतं. पण मोहरे पटावर ओतल्यावर सवयीने हात गेला आणि त्यांनी बिनठिपक्याचा राजा उचलून आपल्यासमोर ठेवला. घरी तू सहा वर्षांचा असल्यापासून तो त्यांचाच असायचा आणि तू अक्षरात जादा ठिपका असलेला घ्यायचास. मोठ्याचा तो, धाकट्याचा हा. पण पटावर मोठेपण वयाचं नसतं, पायरीचं असतं, आणि त्या दिवशी मोठा तू होतास.

तू हळूच म्हणालास, ‘बाबा, तो माझ्याकडे हवा.’

हळूच म्हणालास, हे मी आज कबूल करते. त्या वेळी मला ते ओरडल्यासारखं वाटलं होतं. मागे कुणीतरी हसलं. बाबांनी राजा उचलला, दोन्ही हातांनी तुझ्यासमोर ठेवला आणि शिष्याने गुरूला म्हणावं तसं म्हणाले, ‘चुकलं माझं, सेन्सेई.’ मग खेळले, आणि हरल्यावर सगळ्यांना ऐकू जाईल असं ‘मी हरलो’ म्हणून चटईला कपाळ टेकवलं. तूही वाकलास. नियमाने जे जे व्हायला हवं, ते सगळं झालं.

त्या संध्याकाळी स्टेशनवर मी तुला काय काय बोलले! ज्या माणसाने राजे घडवून तुला वाढवलं, त्यालाच गावासमोर एक राजा परत ठेवायला लावलास, असं म्हणाले. बाबा तुझं तोंडही बघणार नाहीत, असंही म्हणाले. यातलं बाबांचं एक अक्षरही नव्हतं. सगळं माझंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी तुला पत्र लिहिलं. मी दुकानाची पार्सलं टाकायला निघाले होते, तेव्हा ते माझ्या हातात दिलं. म्हणाले, ‘हे आधी टाक.’

मी ते पोस्टाच्या दारात उघडून वाचलं. त्यांनी लिहिलं होतं की तू बोललास ते योग्यच केलंस. बाप म्हणून गप्प बसला असतास, तर तोक्योच्या लोकांनी तुला कच्चा म्हटलं असतं. जन्मभर हे दोन राजे घडवले आणि नेमक्या तुझ्या मानाच्या दिवशी चुकीच्या राजावर हात पडला, याची मला लाज वाटते. तू माफ केलंस असं कळवेपर्यंत मी तुझ्या पटासमोर येणार नाही.

ते वाचून माझं डोकंच फिरलं. अपमान यांचा झाला आणि माफीही यांनीच मागायची? मला वाटलं, त्याला येऊ दे, त्याला आधी वाकू दे, मग देईन. पत्र कोरण्याच्या नमुन्यांखाली खणात ठेवलं. आठवडाभराचीच गोष्ट, असं मनाशी म्हटलं होतं.

तू आला नाहीस. कसा येशील? तोंड बघणार नाहीत असं मीच सांगून ठेवलं होतं. बाबा रागावलेत का, असं तू दोनदा फोनवर विचारलंस, आणि ‘स्वतः येऊन विचार’ असं मी फणकाऱ्याने म्हटलं. सहाव्या पायरीच्या समारंभाचं तिकीट पाठवलंस, तेव्हा बाबांनी ते आईच्या फोटोपुढे ठेवलं. मला म्हणाले, ‘पत्राचं उत्तर नाही दिलं त्याने, नुसतं तिकीट पाठवलंय. लोकांसाठी पाठवलं असेल.’ मी तिथेच उभी होते. तेव्हा सांगायला हवं होतं. पण तोवर चार वर्षं झाली होती आणि चार वर्षांचं काय सांगणार? मग सात झाली, मग अकरा. चोरी जुनी झाली की ती परत करायला चोरी करण्यापेक्षा जास्त धीर लागतो. माझ्याकडे तेवढा नव्हता.

ते तुझे डाव पेपरातून कापून ठेवायचे, हे तुला सांगितलं नव्हतं. पटावर मांडून बघायचे, दोन्ही बाजूंनी स्वतःच खेळायचे. तू हरलेला डाव असला तर जेवताना बोलायचे नाहीत.

आता शेवटचं. हे लिहिल्याशिवाय पत्र पुरं होणार नाही, आणि लिहिल्यावर तू माझा भाऊ राहशील की नाही, मला माहीत नाही.

त्यांच्या शेवटच्या शुक्रवारी दुपारी दवाखान्यात बाबा चांगले शुद्धीवर होते. मी नाशपाती सोलत होते. त्यांनी विचारलं, ‘फुमिए, ते पत्र तू टाकलं होतंस ना?’

मी म्हटलं, ‘हो बाबा. त्याच दिवशी.’

त्यांनी चादर छातीपर्यंत ओढून घेतली. मग म्हणाले, ‘म्हणजे त्याने माफ केलं नाही. बरोबर आहे त्याचं.’ आणि नाशपातीची एक फोड मागितली.

फोन माझ्या खिशात होता. तू तोक्योत होतास, गाडीने तीन तासांवर. बाबा सोमवारी पहाटे गेले. मधले दोन अख्खे दिवस माझ्याकडे होते, कोहेई, आणि मी ते त्यांचे पाय चेपण्यात घालवले. तू माफ केलं नाहीस असं समजून ते गेले. ते रागावलेत असं समजून तू त्यांच्या शवपेटीपाशी उभा होतास. तुम्ही दोघांनी एकमेकांचं काहीच बिघडवलं नव्हतं. जे काही बिघडलं, ते माझ्या खणात होतं.

त्यांचं पत्र सोबत ठेवलं आहे. पाकीट फाडलेलं आहे, ते मी फाडलंय. आतला कागद चांगला आहे.

मला माफ कर असं मी लिहीत नाही, मागायचं तोंड नाही. पण गप्प मात्र राहू नकोस. दोन ओळी लिही, शिव्या लिही, पुन्हा या घराची पायरी चढणार नाही असं लिही. या घरात एक माणूस अकरा वर्षं रोज टपालाच्या वेळी दारात जाऊन उभा राहायचा आणि रिकाम्या हाताने आत यायचा, आणि मी त्याला चहा द्यायची.

आता त्या वेळी दारात मी उभी असेन.

तुझी ताई,
फुमिए