सातव्या होलसमोरचं टेकाड

पिटलॅरो, फाइफ
४ सप्टेंबर १९७८

ती. सौ. ग्रिझेलताईस,
लॅकलनचा सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. हॅलिफॅक्सला जाऊन आठ वर्षं झाली, तरी मी जेवलो का ते विचारतेसच! जेवतो. बाबा रोज लापशी करपवतात, ती मुकाट्याने गिळतो.

इथे नवंच त्रांगडं होऊन बसलंय. क्लबचे सेक्रेटरी अर्बथनॉट यांनी ध्यास घेतलाय, या किनाऱ्यावरच्या उत्तम गोल्फ मैदानांच्या यादीत आपलं नाव यायलाच हवं. ऑक्टोबरात परीक्षक येणार. सातव्या होलवरून समुद्र दिसत नाही, म्हणून समोरचं वाळूचं टेकाड गवतासकट सहा फूट उतरव, असा मला हुकूम आहे. त्याच टेकाडामागे आपलं घर! बाबांनी चाळीस वर्षं हे मैदान राखलं, आणि निवृत्त झाल्यावरही दर मार्चला गुडघे टेकून तिथे गवत लावतात. मला म्हणाले, वाळू त्या मुळांनी धरलीय, तुझ्या सेक्रेटरीने नाही.

नाही म्हटलं तर नोकरी जाईल, आणि घर नोकरीचंच आहे. बाबांना या वयात कुठे नेऊ? तू सांगशील तसं करीन.

लोभ आहे तसाच राहू दे.
तुझा लॅकलन

हॅलिफॅक्स
१८ सप्टेंबर १९७८

चि. लॅकलन यास,
अनेक आशीर्वाद.

अरे गाढवा, चाळिशी आली, आता तरी ताईला न विचारता पाऊल टाक! बाबांचा समुद्र मी लहानपणापासून ऐकतेय. आज येईल, उद्या येईल; माझं लग्न होऊन मी देश सोडला तरी तो काही आला नाही. त्यांना आपल्यापेक्षा त्या गवताचं कौतुक जास्त. आई अंथरुणावर होती तेव्हाही ते टेकाडावरच होते, हे मी विसरलेले नाही.

सहा फूट वाळूपायी डोक्यावरचं छप्पर घालवू नकोस. खुशाल उतरव. फक्त मी सांगितलं हे बाबांना कळू देऊ नकोस, जन्मात माझ्याशी बोलायचे नाहीत. गळपट्टा विणतेय, नाताळापर्यंत पोचेल.

माया आहेच, वेगळी लिहीत नाही.
तुझी ताई

पिटलॅरो
१५ जानेवारी १९७९

ती. सौ. ताईस, सा. न.

तार मिळालीच असेल. तारेत मावलं नाही ते लिहितो.

ऑक्टोबरात टेकाड उतरवलं. परीक्षक खूश होऊन गेले. त्या दिवसापासून बाबा माझ्याशी बोलले नाहीत. लापशी समोर ठेवायचे आणि पाठ फिरवून बसायचे. गावात सांगत सुटले होते, पोरगा सेक्रेटरीचा पाळलेला कुत्रा झालाय. ताई, ते फार लागलं गं. पण तुझं नाव घेतलं नाही.

मागच्या सोमवारी सकाळी मोठी भरती आणि ईशान्येचा वारा एकदमच आले. मी पलीकडे क्लबच्या शेडमध्ये होतो. कापलं होतं नेमकं तिथूनच पाणी आत घुसलं. मी धावत पोचेस्तोवर घराची पुढची भिंत गेली होती. शेजारच्या डाल्गेटीबाईंनी सांगितलं, बाबा सुखरूप बाहेर पडले होते, पण वाळूची पोती घेऊन पुन्हा त्या खिंडाराकडे गेले. दुपारी ओहोटीला सापडले.

शनिवारी आईशेजारी पुरलं. आज यादी छापून आली. आपलं मैदान चौथं. सातव्या होलवरून दिसणाऱ्या समुद्राची वाहवा केलीय. अर्बथनॉट माझा हात हातात घेऊन अभिनंदन म्हणाले.

तुझ्यावर राग नाही. हात माझेच होते.

मला टाकू नकोस.
लॅकलन

हॅलिफॅक्स
२९ जानेवारी १९७९

चि. लॅकलन,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही. तू रागावला असतास तर बरं झालं असतं.

एक गोष्ट तुला ठाऊक नाही. डिसेंबरात बाबांचं मला पत्र आलं होतं. लिहिलं होतं, तू तरी त्याला चार शब्द सुनाव, तो तुझंच ऐकतो. तेव्हाही मला खरं सांगता आलं असतं. मी उत्तर पाठवलं, तुमचंच बरोबर आहे बाबा, लॅकलन पहिल्यापासूनच भित्रा, मी असते तर त्याला टेकाडाला हात लावू दिला नसता.

लोभ मागायचा मला हक्क नाही. एवढंच कळव, ते पत्र त्यांनी वाचलं होतं का?

ग्रिझेल