टक्कर आणि धडक

बाबा, परवा मी पोलादपूरला भावाकडे जेवायला गेले होते. जेवताना तो त्याच्या मुलीला सांगत होता, "आमचे बाबा मला एका शब्दानं कधी बोलले नाहीत." पोरीनं माझ्याकडे बघितलं. "आणि आत्या, तुला?" मी म्हटलं, मला पुष्कळ बोलले. भाऊ हसला. मी खाली मान घालून भात कालवत राहिले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, मी आजी व्हायला आले, तरी तो असं काही बोलला की माझ्या पोटात दुखतंच.

सातवीत मराठीला तुम्हीच होतात. शाळेत सर, घरी बाबा. पण माझ्यापुरते घरीसुद्धा बहुतेक वेळा सरच. निबंधात मी लिहिलं होतं, ट्रकची झाडाशी टक्कर झाली. तुम्ही ते वाक्य वर्गात मोठ्यानं वाचलंत आणि विचारलंत, "झाड कुठून येत होतं? महाडकडून की वीरकडून?" वर्ग हसून लोळला. संध्याकाळी आई भाकऱ्या थापता थापता म्हणाली, "पोरीला सगळ्यांदेखत कशाला हो?" तुम्ही ऐकलंच नाहीत. पाटावर बसून धडा पुढे सुरू. टक्कर व्हायला दोघं लागतात, दोघांचा जोर लागतो. धडक एकाची असते, दुसरा आपल्या जागी उभा असतो. म्हणून बैल भिंतीला धडक देतो. म्हणून बातमी येऊन धडकते, न कळवता पाहुणे येऊन धडकतात. आपण बिचारे घरातच असतो. शेवटी म्हणालात, "टक्कर म्हटलंस की निम्मा दोष झाडावर जातो. कळलं?" कळलं, बाबा. जन्माचं कळलं. पुढे मीही मराठीच शिकवलं आणि दर वर्षी वर्गात हेच सांगितलं.

मग भावाचा तो अपघात. तो कॉलेजात होता. तुमची स्कूटर घेऊन नाते गावाहून येताना वळणावर त्यानं एका दूधवाल्याला उडवलं. तो माणूस सायकल कडेला उभी करून कॅन बांधत होता. त्याच्या मांडीचं हाड मोडलं. भावाला कुणीतरी घरी आणून सोडलं. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी आहे, हातात उलथनं तसंच. भाऊ म्हणतो, "बाबा, टक्कर झाली." आणि मी वाट बघते. खरं सांगते, आनंदानं वाट बघते. आता विचारतील, तो माणूस कुठून येत होता म्हणून. तुम्ही त्याचा सोललेला कोपर हातात घेतलात. "तुला कुठं लागलं रे?"

दुसऱ्या दिवशी हवालदार घरी आला, तोही तुमचाच विद्यार्थी. बस म्हटलं तरी बसेना. "सर, काय लिहू? धडक दिली, की टक्कर झाली?" तुम्ही खिडकीबाहेर बघत होतात. "टक्कर झाली," म्हणालात. त्यानं तसं लिहून घेतलं. मग "बरं सर" म्हणून निघून गेला.

त्यानंतर तो माणूस चालायला लागेपर्यंत त्याचं दूध तुम्ही घरोघर घातलंत. शाळेआधी, सायकलवरून, धोतर खोचून. पोरं हसायची, सर दूधवाले झाले म्हणायची. भावाला कधी नेलं नाहीत. त्याची परीक्षा होती. माझीही बी.एड.ची होती त्या वर्षी. पण दुसरा कॅन धरायला तुम्ही मलाच हाक मारायचात.

तुम्ही गेलात तेव्हा तो दूधवाला लंगडत भेटायला आला. ओटीवर टेकला आणि मला म्हणाला, "सर त्याच सांजंला दवाखान्यात आलं व्हतं. हात जोडून म्हनाले, माझ्या पोरानं तुम्हाला धडक दिली, तुमची काय चूक नाय. पन पोलिसात मी टक्कर झाली म्हनून सांगीन. पोराचं पुढचं सगळं बुडंल. तुम्ही नको म्हनालात तर नाय सांगनार."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्या म्हटलं, सांगा सर. मला पन पोरं हायत."

म्हणजे त्याच्यापुढे तुम्ही बरोबर शब्द वापरलात, आणि हात जोडून चुकीचा मागून घेतलात. भावाला मी हे कधीच सांगितलं नाही. त्याच्या लेखी ती आजही टक्करच आहे आणि तुम्ही जगातले सगळ्यात मऊ बाप. हे लिहिलेलं पाठवायला तुमचा पत्ता नाही, आणि त्याला तर दाखवायची सोयच नाही.

लोक म्हणतात, सरांची भाषा लेकीनं घेतली. घेतली खरी. स्कूटर त्याला मिळाली, त्याचं मला काही वाटत नाही. पण माझ्या वाट्याला आलात तेव्हा तुम्ही नेहमी बरोबरच होतात, बाबा. एकदा, एकदाच माझ्यासाठी चुकीचा शब्द वापरला असतात, तर मी तो दुरुस्त केला नसता.